कांद्यावर नजर आणि गळती भलतीकडेच: घरखर्चातल्या या चुका टाळा

दर ऑक्टोबरात मला एकच प्रश्न येतो. "ताई, कांदा अजून वाढणार म्हणतात. एक गोणी टाकून ठेवू का?" विचारणारी कधी आमच्या बचत गटातली असते, कधी जिन्यात भेटलेली शेजारीण. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. भाऊ कांदा करतो, आणि मी नाशकात बावीस वर्षं घरखर्चाची वही लिहिते आहे. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला भाव आधीच कळतात. भाव मला कळत नाहीत. पण दर वर्षी त्याच चुका होताना दिसतात, आणि त्या करणारी माणसं मेहनतीची, पै-पै जपणारी असतात, म्हणून फार वाईट वाटतं. यातल्या दोन चुकांवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्यांनी माझ्या जवळच्या माणसांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. बाकीच्या थोडक्यात.

लाल कांद्याची गोणी घरात आणून ठेवणं

कांदा म्हणजे एकच वस्तू नाही. आमच्याकडे त्याची तीन पिकं निघतात. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून बाजारात यायला लागतो. त्यामागून जानेवारी ते मार्च रांगडा येतो. आणि डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मार्चअखेर ते मे या काळात निघतो. देशाच्या एकूण कांद्यातला साधारण सत्तर टक्के कांदा या उन्हाळी, म्हणजे रब्बी पिकाचा असतो. शेतकरी चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवतो तो हाच, आणि मे ते ऑक्टोबर सगळा देश जेवतो तोही हाच.

आता भाव कधी चढतो ते बघा. चाळीतल्या कांद्याचं वजन रोज थोडं घटतं. पावसाळ्यात काही सडतो, सप्टेंबरपासून कोंब यायला लागतात. चाळ रिकामी होत आलेली असते आणि नवा लाल कांदा अजून शेतात असतो. त्यातच परतीचा पाऊस लाल कांद्यावर पडला, की आवक आणखी मागे पडते. हा महिना-दीड महिन्याचा खड्डा जवळजवळ दर वर्षी येतो. कुठल्या वर्षी खोल, कुठल्या वर्षी उथळ. लासलगावच्या बाजार समितीत, म्हणजे कांद्याच्या मोठ्या घाऊक बाजारात, तो आधी दिसतो, आठवड्याभराने आपल्या भाजीवाल्याकडे.

लोक घाबरतात ते नेमके या खड्ड्यात. आणि घाबरून साठवायला आणतात तो लाल कांदा, जो साठवायचा नसतोच. त्यात पाणी जास्त, वरची पत्ती पातळ, मान जाड आणि ओली. तीन-चार आठवड्यांत तो मऊ पडतो. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, तरी २०२३ साली आमच्याच मजल्यावर ते घडलं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला किरकोळ भाव साठ-सत्तरच्या घरात गेला होता. नोव्हेंबरात जरा उतरला, पण बातम्यांत रोज कांदा होताच. आमच्या शेजारणीकडे फेब्रुवारीत लग्न. तिने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ४५ किलोची गोणी आणली, किलोला ४२ रुपयांनी. मला दाखवायला बोलावलं. कांदा चकचकीत लाल, दिसायला सुंदर. मी मान दाबून बघितली, अंगठा आत गेला. मी म्हटलं, "वहिनी, हा संक्रांतही बघणार नाही. अर्धी गोणी बहिणीकडे पाठवा." त्यांना ते पटलं नाही. "पुढे शंभर झाला तर?" असं म्हणून त्यांनी गोणी शिवलेली तशीच ओट्याखाली सरकवली.

८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी लासलगावात क्विंटलचा भाव चार हजारांच्या आसपास होता, तो पुढच्या दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर आला. शेजारणीची गोणी मात्र ४२ रुपयांचीच राहिली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वास जिन्यापर्यंत यायला लागला, तेव्हा ती उघडली. निम्म्याहून जास्त कांदा गेलेला होता. त्या दिवशी बाजारात ताजा कांदा वीस-बावीसला मिळत होता. लग्नाचा कांदा त्यांनी पुन्हा विकत घेतला.

हीच बातमी माहेरी कशी पोचली तेही सांगते, कारण ही बाजू शहरात कुणी विचारत नाही. भावाचा लाल कांदा काढणीला आलेला होता. बंदीच्या घोषणेनंतर लिलाव काही दिवस बंद पडले. लाल कांदा थांबत नाही, तो विकावाच लागतो. आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत (त्याखाली बाहेर विकायचाच नाही), आणि शेवटी थेट बंदी. चार महिन्यांत तीन निर्णय. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, पण ४० टक्के शुल्क राहिलंच. ते सप्टेंबरात २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्यावर. भाव पावसाने ठरतो आणि मागणीने ठरतो हे खरं, पण दिल्लीहून रात्रीत निघालेल्या एका अधिसूचनेनेही ठरतो. भाव चढत असताना साठा करणारं कुटुंब नकळत अशी पैज लावत असतं की, सरकार काही करणार नाही. आणि भाव बातम्यांत आला की सरकार काहीतरी करतंच, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

मी काय करते? एप्रिलच्या शेवटी ते मेच्या मध्यापर्यंत उन्हाळ कांदा घेते. मध्यम आकाराचा, मान बारीक आणि पूर्ण सुकलेली, वरची पत्ती दोन-तीन पदरी आणि वाजणारी. हातात घेऊन चोळला की कागदासारखा आवाज आला पाहिजे. जोड कांदा, डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला, कापलेला बाजूला काढते. चौघांच्या घराला महिन्याला पाचेक किलो लागतो, म्हणून पाच महिन्यांचा पंचवीस, वर घटीचे पाच, असा तीस किलो. गॅलरीत सावलीला, बांबूच्या मांडणीवर एका थरात पसरते. प्लास्टिकच्या पिशवीत नाही आणि बटाट्याच्या शेजारी तर अजिबात नाही. दर रविवारी हात फिरवून मऊ पडलेला काढून त्याच दिवशी वापरते. दिवाळीपर्यंत पुरतो. त्यापुढे किलो-किलोनेच आणायचा, भाव काहीही असो.

आणि खड्ड्यात सापडलातच तर एक हिशेब करा. महिन्याला पाच किलो. वीसचा कांदा साठ झाला, तर महिन्याला दोनशे रुपये जास्त. हातावर पोट असलेल्या घरात दोनशे रुपये मोठेच असतात, मी ते हलकं करत नाही. तिथे सरळ दोन महिने कांदा निम्मा करावा, आम्हीही केलाय. पण पगारदार घराने हा २०० चा आकडा कागदावर लिहावा आणि पुढचं वाचताना तो समोर ठेवावा.

"महागाई कमी झाली" याचा अर्थ "भाव उतरले" असा घेणं

ही चूक शिकलेली माणसंही करतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता. त्या महिन्यात देशाची किरकोळ महागाई ७.४४ टक्के होती. पुढच्या वर्षी जुलैत तोच आकडा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला आणि माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिका चिडून म्हणाल्या, "आमच्या दुकानात तर काहीच स्वस्त झालं नाही. हे आकडे खोटे आहेत."

आकडा खोटा नव्हता. जी वस्तूंची टोपली २०२२ च्या जुलैत १०० रुपयांची होती, ती २०२३ मध्ये १०७ रुपये ४४ पैशांची झाली. २०२४ मध्ये त्यावर आणखी साडेतीन टक्के चढले, म्हणजे १११ च्या पुढे. महागाईचा दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो. गेल्या वर्षी भाव आधीच उंच असतील तर यंदाचा दर लहान दिसतो, एवढंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो जेमतेम पाव टक्का होता, कारण आदल्या ऑक्टोबरात भाज्या कडाडल्या होत्या. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टसुद्धा ४ टक्क्यांचं आहे, शून्याचं नाही. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तरी भाव वर्षाला चार टक्क्यांनी वाढणारच आहेत.

दुसरी गोष्ट, ती टोपली तुमच्या घराची नाही. ज्यावरून महागाई मोजतात त्या, २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन ४५.८६ टक्के होतं आणि शिक्षणाचं ४.४६. ज्यांची दोन मुलं खासगी शाळेत आहेत त्यांनी शाळेची फी, बस, क्लास आणि वह्या-पुस्तकं मिळवून आपल्या खर्चाचा कितवा हिस्सा होतो ते एकदा बघावं. पाचवा हिस्सा निघतो, कधी चौथाही. भाज्या स्वस्त झाल्याने देशाची सरासरी उतरते, पण फी उतरत नाही. अशा घराने बातमीतला आकडा ऐकून आपलं बजेट ठरवलं तर ते चुकणारच.

माझी सवय अशी. वहीच्या शेवटच्या पानावर बारा गोष्टी: तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, दूध, गॅस, वीज, भाडं किंवा देखभाल, फी, औषधं, प्रवास, मेडिक्लेम. दर वर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात प्रत्येकापुढे त्या दिवसाचा भाव आणि आमचा महिन्याचा खर्च. शेजारी गेल्या वर्षीचा. अर्धा तास लागतो. आमच्या घराची महागाई किती, हे मला टीव्हीवरून नाही, त्या पानावरून कळतं. आणि बहुतेक वर्षी सर्वांत जास्त वाढलेली ओळ खाण्याची नसते. गेली काही वर्षं ती मेडिक्लेमच्या हप्त्याची आहे.

किंमत बघणं, वजन न बघणं

दहाचं पाकीट दहालाच मिळतंय म्हणून समाधान मानू नका. शंभर ग्रॅमचं ८५ ग्रॅम झालं, की किलोचा भाव शंभरावरून साडेसतराने वाढला. छापील किंमत तीच ठेवून वजन कमी करणं कंपन्यांना सोपं पडतं, कारण पाच आणि दहा रुपयांचं नाणं गिऱ्हाइकाच्या हातात बसलेलं असतं. पाकिटावर आता ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडले तेही छापतात. अक्षरं बारीक असतात, चष्मा लावून वाचा.

तेलात तर माझ्या डोळ्यांदेखत माणसं फसतात. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडंसंच वर तेल. "अमक्याकडे डबा शंभर रुपयांनी स्वस्त आहे" म्हणून रिक्षाने जाऊन आणणाऱ्यांनी डब्यावर किलो लिहिलंय की लिटर, हे आधी वाचावं. पिशव्यांतही आता ९००, ८५०, ७५० असे आकडे असतात.

तेल महागलं की दुकानदाराला दोष देणं

आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलकडून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि दोन महिन्यांनी इंडोनेशियाने पामची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा आमच्या गल्लीतला वाणी ते रोखू शकणार नव्हता.

आणि कधी ती वाढ मुद्दाम केलेली असते, चांगल्या कारणासाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. दिवाळीच्या तोंडावर पिशवीमागे वीस-पंचवीस रुपये वाढले आणि फराळाच्या घरांत हाहाकार झाला. पण त्याच वेळी लातूरकडचा शेतकरी सोयाबीन ४,८९२ रुपये हमीभावाच्या खाली विकत होता. बाहेरचं तेल स्वस्त येत राहिलं तर त्याच्या सोयाबीनला भाव कुठून येणार? माझ्या घरात एक टोक शेतकऱ्याचं आणि एक टोक गिऱ्हाइकाचं आहे, त्यामुळे मला या निर्णयाचा राग करता आला नाही. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. तेव्हा बातमी वाचायची असेल तर आयात शुल्काची वाचा. सणाच्या आधी फक्त एका महिन्याचं जादा तेल घ्या. वर्षभराचं घेतलं तर खवट होतं.

कर्जाचा हप्ता तोच आहे म्हणून निर्धास्त राहणं

आता माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक. ही कुणाला दिसत नाही, कारण हिचा भाव कुठल्याही फळ्यावर लिहिलेला नसतो.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याने फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज घेतलं, ७ टक्के, बदलता दर, २० वर्षं. हप्ता २३,२५९. त्या वेळी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता. कर्ज कधी इतकं स्वस्त नव्हतं असं सगळे म्हणत होते, आणि ते खरंही होतं. पण दर बदलता आहे याचा अर्थ कुणी त्याला बसवून सांगितला नाही. त्यानेही विचारलं नाही. घाई होती, बिल्डरची मुदत संपत होती.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने महागाई आवरायला रेपो वाढवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला, म्हणजे अडीच टक्के वाढला. २०१९ च्या ऑक्टोबरनंतरची बँकांची बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक रेपोशीच, बांधलेली असतात, त्यामुळे त्याचाही दर टप्प्याटप्प्याने साडेनऊ झाला. हप्ता मात्र २३,२५९ च राहिला. दर वेळी फोनवर एक संदेश यायचा, तो त्याने वाचून सोडून दिला. २०२३ च्या पावसाळ्यात तो आमच्याकडे जेवायला आला होता. टोमॅटो आणि कांद्याबद्दल फार त्रासून बोलत होता. मी सहज विचारलं, "कर्जाचं काय?" म्हणाला, "ते बरं आहे मावशी, हप्ता वाढला नाही."

मी त्याला तिथेच कर्जाचं स्टेटमेंट काढायला लावलं. पहिल्या चोवीस महिन्यांत त्याने ५ लाख ५८ हजार भरले होते आणि मुद्दल उतरलं होतं जेमतेम लाखभर. २९ लाखांच्या आसपास बाकीवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच २२,९०० च्या वर. हप्त्यातले साडेतीनशे रुपयेसुद्धा मुद्दलाला जात नव्हते. शिल्लक हप्त्यांच्या रकान्यात पाचशेहून जास्त महिने दिसत होते, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर. भाचा तेव्हा एकतीस वर्षांचा. तो बराच वेळ काही बोलला नाही. ताट तसंच राहिलं.

बँकेने हप्ता वाढवण्याऐवजी मुदत वाढवली होती. करारात तसं लिहिलेलं असतं आणि ग्राहकाला त्या महिन्यात काही दुखत नाही. अशा तक्रारी इतक्या झाल्या की ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम आणला: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि परिणाम समजावून सांगावा. नियम चांगला आहे. पण तुम्ही विचारायला गेलात तरच त्याचा उपयोग.

आम्ही त्या रात्री कागद घेऊन बसलो. मूळच्या मुदतीत, म्हणजे उरलेल्या अठरा वर्षांत संपवायचं तर हप्ता २८ हजारांच्या थोडा वर जात होता. तेवढं त्याला झेपत नव्हतं. मग त्याने एक मुदत ठेव मोडून एक लाख मुद्दलात भरले आणि हप्ता २७ हजार केला. एवढ्याने मुदत पुन्हा अठरा वर्षांवर आली. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो, हेही त्याला माहीत नव्हतं. महिन्याला ३,७०० रुपये जास्त जायला लागले. ज्या कांद्यावर तो चिडला होता त्याचा महिन्याचा फरक दोनशे होता.

२०२५ मध्ये रेपो उतरायला लागला आणि डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. तेव्हा त्याने मला फोन केला, "मावशी, आता हप्ता कमी करून घेऊ?" मी म्हटलं, अजिबात नाही. हप्ता तोच ठेव, मुदत उतरू दे. दर चढताना मुदत वाढली होती, आता उतरताना ती परत मिळवायची वेळ आहे. हप्ता कमी करून सुटलेले दोन हजार कशात जातात ते मला माहीत आहे, मी अनेक घरांच्या वह्या पाहिल्यात.

कर्ज असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा स्टेटमेंट काढा आणि फक्त एक रकाना बघा, किती हप्ते उरले. सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्यातून सहा वजा होत नसतील, तर त्याच आठवड्यात शाखेत जा. कर्ज जुनं असेल आणि रेपोशी बांधलेलं नसेल तर बदलून घेण्याचं शुल्क विचारा, बहुतेक वेळा ते काही महिन्यांत वसूल होतं.

बाकीच्या, थोडक्यात

तूरडाळ सप्टेंबरात साठवू नका. नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, होळीच्या आसपास घ्या. गहू एप्रिल-मेमध्ये. आपल्या आज्या उन्हाळ्यात वाळवणं आणि साठवण करायच्या, त्यामागे पिकाचं वेळापत्रक होतं.

जीएसटी १८ वरून ५ झाला म्हणजे वस्तू १३ टक्के स्वस्त होत नाही. ११८ ची १०५ होते, म्हणजे ११ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ नंतर साबण आणि टूथपेस्टवरून दुकानदारांशी भांडणं झाली, त्यातली काही या गणितामुळे होती.

क्रेडिट कार्डाची "किमान रक्कम" भरणं म्हणजे भरणं नव्हे.

भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारात दर वेळी पाच-दहा टक्के वाढ लिहिलेली असते. सही करण्याआधी ती तीन वर्षांची करून बघा.

दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून रोज कोथिंबीर मागवू नका. सोबत चार वस्तू येतात.

एक जानेवारीला चाळीस रकाने आखणं

नव्याने हिशेब लिहायला लागलेल्यांची ही चूक. फोनवर ॲप घेतात, त्यात चाळीस रकाने, रंगीत चक्रं. संक्रांतीपर्यंत उत्साह संपतो. मग म्हणतात, आमच्याने होत नाही. आणखी एक ऐकीव सूत्र फिरतं: पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. पंचवीस हजार पगार आणि नऊ हजार भाडं असलेल्या घराला हे सूत्र दाखवून काय साधतं? त्या बाईला फक्त आपण नालायक आहोत असं वाटतं, आणि ती तशी मुळीच नसते. सूत्राने सुरुवात करू नका. तीन महिने नुसतं लिहा, काही कमी करू नका. शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, काय, किती वजन, किती रुपये. वजनाचा रकाना गाळू नका, भाव वाढला की आपण जास्त आणलं हे त्यातूनच कळतं.

आणि खंड पडला तर मागचं आठवून भरत बसू नका. आठवून लिहिलेले आकडे चुकीचे असतात, आणि तो डोंगर बघूनच वही कायमची बंद होते. माझ्याही वहीत खंड आहेत. २०२० चे एप्रिल-मे आहेत, सासऱ्यांच्या आजारपणाचे तीन महिने आहेत. त्या पानांवर महिन्याचं नाव आणि "नोंद नाही" एवढंच लिहिलंय, आणि पुढच्या पानावर पुन्हा गहू, तेल, गॅस.